लॉगआउट केलं, पण दार लागलं का?

नायगावच्या रस्त्यानं चालत निघालं की चार-दोन दुकानांआड एक पाटी हमखास दिसते, 'येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.' आत एक-दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन आणि भिंतीला लावलेलं बाकडं. त्या बाकड्यावर बहुतेक वेळा बायकाच बसलेल्या असतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, कुणाचा पीक विमा, तर कुणाचं लाडक्या बहिणीचं काम. हातात घडी पडलेली आधार कार्डाची झेरॉक्स आणि मोबाइल. "ओटीपी आला का मावशी? सांगा बरं लवकर." मावशी चष्मा शोधतात, आकडे वाचून दाखवतात. दहा मिनिटांत काम होतं.

शेतात जाताना घराला कुलूप लावून कडी दोनदा ओढून पाहणारी हीच बाई. पण इथून उठताना ती एवढंच विचारते, "झालं का बाळा?" तो म्हणतो, "झालं मावशी." की निघाली! आपल्या नावानं जे दार आत्ता उघडलं होतं, ते लागलं की तसंच उघडं राहिलं, हे तिला विचारावंसं वाटत नाही. ते दार दिसत नाही ना, मग कडी ओढून पाहणार कशाची?

मैत्रिणींनो, आज त्या न दिसणाऱ्या दाराबद्दल बोलायचं आहे. मी इथं मुलींना संगणक शिकवते. ऑर्कुटच्या काळापासून शिकवते म्हणा ना! पासवर्ड कुणाला सांगू नका, ओटीपी कुणाला देऊ नका, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. मध्यंतरी फोन लावला तरी आधी तेच ऐकू यायचं. पण पासवर्ड आणि ओटीपी हे फक्त आत शिरतानाचे पहारेकरी. आत गेल्यावर काय होतं, आणि बाहेर पडल्यावर काय उरतं, याबद्दल आपल्याशी कुणी बोलतच नाही.

बिल्ल्याची गोष्ट

नांदेडला गुरुद्वारात आपण सगळ्याच कधी ना कधी गेलेल्या आहोत. तिथं जोडे ठेवायला दिले की हातात एक बिल्ला मिळतो. दर्शन करून आलं, बिल्ला दिला, की आपले जोडे परत. तिथला सेवादार आपलं नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, चेहरा लक्षात ठेवत नाही. ज्याच्या हातात बिल्ला, त्याचे जोडे. एवढ्या गर्दीत दुसरं करणार तरी काय?

वेबसाइटचंही अगदी तसंच आहे. वेबसाइट फार विसराळू असते. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तिच्या लेखी तुम्ही नवीनच माणूस. इंटरनेटवर पानांची ने-आण करणारी जी पद्धत आहे, एचटीटीपी नावाची, तिला मुळात आठवणच नाही. मग प्रत्येक क्लिकला पासवर्ड मागायचा का? यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुणानं एक युक्ती काढली. वेबसाइटनं ब्राउझरच्या हातात एक छोटीशी चिठ्ठी द्यायची, आणि ब्राउझरनं दर वेळी ती दाखवायची. तिला त्यानं नाव दिलं कुकी.

तुम्ही पासवर्ड घातला, ओटीपी घातला, की वेबसाइट एक लांबलचक आकडा तयार करते. तो आकडा तिच्या वहीत तुमच्या नावासमोर लिहिते, आणि तोच आकडा कुकीतून तुमच्या ब्राउझरला देते. हा झाला तुमचा बिल्ला. तुम्ही आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या वेळाला म्हणायचं सेशन. आणि पुढचं सगळं काम, अर्ज भरणं, खात्यातली शिल्लक पाहणं, फोटो टाकणं, या बिल्ल्यावर चालतं. पासवर्ड पुन्हा कुणी विचारत नाही.

आता लक्षात आलं ना? तुमचा बिल्ला दुसऱ्याच्या हाती लागला, तर त्याला तुमचा पासवर्ड नको, ओटीपी नको, काहीच नको. वेबसाइटच्या दृष्टीनं तो म्हणजे तुम्हीच.

"मी बंद केलतं की मॅडम!"

माझी एक विद्यार्थिनी. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. तालुक्यातल्याच एका खेड्यातली. वडील दुसऱ्याच्या शेतावर, आई रोजंदारीनं निंदायला जाणारी. पोरगी हुशार. तिला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेशाचा अर्ज तिनं एका सेंटरवर बसून स्वतः भरला, कॉलेजांचा पसंतीक्रम स्वतः लावला, नांदेडचं कॉलेज पहिलं. मी वर्गात शिकवलं होतं तसं शेवटी लॉगआउटचं बटण दाबलं.

दोन दिवसांनी प्रिंट काढायला गेली, तर पसंतीक्रम बदललेला! नांदेडचं कॉलेज खाली, आणि दोन-अडीचशे किलोमीटरवरचं एक खाजगी कॉलेज पहिल्या नंबरवर. तिथली फी तिच्या बापाला सात जन्मांत झेपली नसती.

रडतच आली माझ्याकडे. "मॅडम, मी बंद केलतं की! माझ्या हातानं केलतं. कुणीच ऐकून घ्यायलं नाही." सेंटरवाला म्हणाला, तूच उघडं ठेवलं असशील. त्या संकेतस्थळाच्या मदत केंद्राला फोन लावला, तिथंही तेच उत्तर, "तुम्ही लॉगआउट केलं नसेल." आणि घरी? घरी तर आई म्हणाली, "तुला जमत नव्हतं तर कामून बसलीस त्या मशीनपुढं? दादाला न्यायचं की संगं." एका चुकीच्या लॉगिननं पोरीच्या शिक्षणावरच बोट आलं.

मी तिला घेऊन त्याच सेंटरवर गेले. त्याच कॉम्प्युटरवर तिला तिच्याच खात्यात लॉगिन करायला सांगितलं, मग लॉगआउट करायला. 'आपण यशस्वीरीत्या बाहेर पडला आहात' असं झोकात लिहून आलं. मग म्हटलं, आता ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण दाब. दाबलं. तिचा अर्ज पुन्हा समोर! आता एवढ्यावरून घाबरायचं कारण नसतं, बरं का. कधी कधी ब्राउझरनं जपून ठेवलेलं जुनं पान नुसतं दिसतं. त्यावर काम करता येत नाही. भिंतीवरच्या फोटोतल्या दारातून आत जाता येतं का? म्हणून तिला म्हटलं, पसंतीक्रमात एक बदल कर आणि सेव्ह दाब. तिनं दाबलं. आणि तो बदल सेव्ह झाला.

म्हणजे बाहेर पडल्याचं सांगणारी ती पाटी खोटी होती. संकेतस्थळानं तिला फक्त दाराबाहेरचं चित्र दाखवलं होतं. वहीतलं तिचं नाव कुणी खोडलंच नव्हतं. तिच्यानंतर त्या खुर्चीवर जो कुणी बसला, त्यानं सहज मागचं बटण दाबलं असेल, किंवा मुद्दाम दाबलं असेल. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग आम्ही पासवर्ड बदलला. माझ्या मोबाइलवरून बदलला, आणि सेंटरच्या कॉम्प्युटरवरचं ते जुनं पान ताजं करून पाहिलं. पासवर्ड बदलूनही जुनं सेशन जिवंत! घराचं कुलूप बदललं, पण घुसलेला माणूस आतच बसलेला, अशी गत. शेवटी कंटाळून अर्ध्या तासानं पुन्हा पाहिलं, तेव्हा कुठं ते आपोआप मेलेलं होतं.

अर्जाची मुदत संपायला दोन दिवस बाकी होते, म्हणून तिचा पसंतीक्रम पुन्हा लावता आला. मुदत संपली असती तर? मी सगळं टप्प्याटप्प्यानं लिहून, पानांचे फोटो जोडून ई-मेल केला. उत्तर आलं, 'कृपया आपला पासवर्ड बदला.' पुढच्या वर्षी मात्र त्याच संकेतस्थळावर लॉगआउटनंतर मागे गेलं की सरळ लॉगिनचं पान येऊ लागलं. कुणी दुरुस्त केलं, केव्हा केलं, ते कुणी कळवलं नाही. ती पोरगी नांदेडला शिकली, एवढं मात्र खरं.

ही चूक नवी नाही

तुम्ही म्हणाल, छोट्यामोठ्या संकेतस्थळाचं असेल असं. मोठ्यांचं कसं होईल? तर ऐका. ऑर्कुट आठवतंय? गुगलनं २००४ मध्ये सुरू केलेलं, २०१४ मध्ये बंद झालेलं. आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरापोरींनी तेव्हा नेट कॅफेत रांगा लावल्या होत्या. त्या ऑर्कुटबद्दल २००७ मध्ये संगणक सुरक्षेच्या अभ्यासकांनी जाहीर केलं होतं की, लॉगआउट केल्यावरही सर्व्हरवरचं सेशन संपत नाही. जुनी कुकी कुणाकडे असेल तर तो पुन्हा आत येऊ शकतो. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत झालं, तेच. त्याच काळात 'ही ओळ ॲड्रेस बारमध्ये चिकटवा आणि गंमत पाहा' असे स्क्रॅप फिरायचे. गंमत कसली, ती ओळ आपलाच बिल्ला चोराच्या हातात नेऊन द्यायची!

बिल्ला चोरायच्या तऱ्हा तरी किती! एक म्हणजे बिल्ल्याचे नंबर ओळीनं देणं. माझा एकशे अकरा, तर पुढचीचा एकशे बारा असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून हा आकडा लांब आणि अंदाज न येणारा असावा लागतो. दुसरी तऱ्हा म्हणजे चोरानं आधीच आपला बिल्ला तुमच्या हातात कोंबायचा, तुम्ही त्यावर लॉगिन करायचं, आणि नंबर त्याला आधीपासून ठाऊक. याला 'सेशन फिक्सेशन' म्हणतात. स्लोव्हेनियातल्या मित्या कोल्शेक यांनी २००२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. उपाय साधाच आहे, लॉगिन होताक्षणी जुना बिल्ला फेकून नवा द्यायचा. पण तो करायला हवा ना?

तिसरी तऱ्हा म्हणजे बिल्ल्याचा नंबर भर गर्दीत ओरडून सांगणं. पूर्वी बऱ्याच वेबसाइट पासवर्ड तेवढा कुलूपबंद पाकिटातून न्यायच्या, आणि पुढचं सगळं, बिल्ल्यासकट, उघड्या पोस्टकार्डावर. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेत एरिक बटलर या प्रोग्रॅमरनं 'फायरशीप' नावाचं एक साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. मोफत वाय-फायवर बसून एक बटण दाबायचं, की आसपासच्या लोकांची उघडी खाती नावानिशी समोर. कुणाचंही नाव दाबा आणि त्याच्या फेसबुकात शिरा! त्याचा हेतू चोरीचा नव्हता. कंपन्यांना जाग यावी हा होता. आणि जाग आली. जीमेलनं त्याच वर्षी जानेवारीत सगळा व्यवहार कुलूपबंद केला होता. फेसबुकनं २०११ मध्ये ती सोय आधी ऐच्छिक दिली आणि २०१३ पर्यंत सगळ्यांना लागू केली. आज पत्त्याच्या सुरुवातीला जे 'एचटीटीपीएस' दिसतं, त्यातला शेवटचा 'एस' हे ते कुलूप.

तरीही २०१८ च्या सप्टेंबरमध्ये फेसबुकचेच बिल्ले चोरीला गेले. 'माझं पान दुसऱ्याला कसं दिसतं' हे दाखवणाऱ्या सोयीत खोट राहिली होती. कंपनीनं आधी सुमारे पाच कोटी खाती म्हटलं, नंतर आकडा तीन कोटींच्या आसपास आला. खबरदारी म्हणून कंपनीनं तब्बल नऊ कोटी खाती एकदम लॉगआउट केली. ज्यांना अचानक पुन्हा पासवर्ड मागितला गेला, त्यांना वाटलं नेट गेलं असेल. खरं तर कंपनी सगळे जुने बिल्ले रद्द करत होती. खोट निघाली तेव्हा वापरणाऱ्यांना नुसतं 'पासवर्ड बदला' सांगून ती मोकळी झाली नाही, हे लक्षात ठेवा.

मार्च २०२३ मध्ये कॅनडातल्या 'लायनस टेक टिप्स' या मोठ्या यूट्यूब चॅनलचंही असंच झालं. कर्मचाऱ्यानं ई-मेलमधली एक फाइल उघडली, त्यातल्या व्हायरसनं ब्राउझरमधला बिल्ला पळवला. हे लोक कॉम्प्युटरबद्दलच व्हिडिओ करणारे! पासवर्ड होता, दुसरा पहाराही होता. दोन्ही जागच्या जागी राहिले. मग आपल्या सेंटरवरच्या, दिवसभरात पन्नास पेनड्राइव्ह खुपसल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरची काय कथा?

एका गावात सत्तावीस हजार बाळं

दूरचं कशाला, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याचं पाहा. आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी या गावची बातमी डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्या वर्तमानपत्रांत होती. साधारण दीड हजार वस्तीचं गाव, आणि ग्रामपंचायतीच्या लॉगिनवर सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत जन्माच्या नोंदी २७ हजारांहून अधिक! चोर आत कसा शिरला, हा पोलिसांच्या तपासाचा विषय. तो बिल्ल्यानंच आला असं मी म्हणत नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा. दीड हजाराच्या गावात एका दिवशी शेकडो बाळं जन्मल्याचं लिहिलं जात होतं, तेव्हा त्या यंत्रणेला एकदाही विचारावंसं वाटलं नाही का, की बाबा, तू खरंच ग्रामपंचायतीतला माणूस आहेस ना?

आपल्या गल्लीत अनोळखी माणूस तिसऱ्यांदा दिसला तर आपण हटकतोच की, "कोणाकडं आलात भाऊ?" वेबसाइटलाही हे हटकणं शिकवता येतं. नेहमीच्या गावाऐवजी भलत्याच ठिकाणाहून कुणी आलं, भलत्या वेळी आलं, भलतंच काम करू लागलं, तर पुन्हा ओळख विचारायची. चांगल्या बँका हे करतात. जन्माच्या नोंदी, जमिनीचे उतारे, मुलींचे प्रवेश, हे काय बँकेपेक्षा कमी मोलाचं आहे?

घरातला उघडा दरवाजा

आता थोडं घरातलं बोलू. सेंटरवर निदान चार माणसं असतात. घरात काय होतं ते कुणाला दिसत नाही.

आमच्या ओळखीतली एक सून. माहेरी आईशी व्हॉट्सॲपवर काहीही बोलली की संध्याकाळपर्यंत सासरी त्यावरून टोमणे सुरू. बिचारीला वाटायचं, आईच कुणाला सांगते. आईला वाटायचं, लेक फोन कुठंही टाकते. मायलेकींतच अबोला आला. एक दिवस तिनं मला फोन दाखवला. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' अशी एक यादी असते. ती उघडली, तर तिथं एक कॉम्प्युटर जोडलेला! घरातल्याच कुणीतरी तिचा फोन मिनिटभर हातात घेऊन कॉम्प्युटरवरचा चौकोनी कोड स्कॅन केला होता. त्या एका मिनिटानंतर तिचा प्रत्येक शब्द तिकडं उमटत होता.

२०१५ पासून व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर चालतं. ही सोय आहे, चोरी नव्हे. दुकानदारांना, शिक्षकांना तिचा फार उपयोग होतो. पण एकदा जोडलेलं यंत्र, फोन रोज वापरात असला तर, कितीतरी दिवस जोडलेलंच राहतं. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा, बिल्ल्याला मुदत किती? नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं अशा मेसेजिंग ॲपना आदेश काढला, की वेबवरचं लॉगिन फार तर सहा तासांनी आपोआप बंद व्हावं आणि पुन्हा कोड स्कॅन करूनच सुरू व्हावं. त्यावर कंपन्यांची, तज्ज्ञांची मतं वेगवेगळी आहेत. पण सेशन किती वेळ जिवंत ठेवायचं हा प्रश्न सरकारच्या टेबलापर्यंत गेला, हे काय कमी आहे?

एक गोष्ट मात्र काळजीपूर्वक ऐका. घरात मारहाणीचा, धमकीचा त्रास असेल, तर ती यादी पाहिल्यावर लगेच झटक्यात सगळं काढून टाकू नका. समोरच्याला कळतं, आणि राग तुमच्यावर निघतो. आधी विश्वासातल्या माणसाशी, दुसऱ्याच्या फोनवरून बोला. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. आधी स्वतःला सांभाळा, मग फोनला.

एवढं आपण करू शकतो

सेंटरवर गेलात तर सांगा, "बाळा, इनकॉग्निटो खिडकीत उघड." प्रत्येक ब्राउझरमध्ये ही सोय असते. काम झालं की त्या प्रकारच्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरची कुकी पुसली जाते.

'पासवर्ड सेव्ह करू का?' किंवा 'मला लक्षात ठेव' असं आलं की परक्या कॉम्प्युटरवर नेहमी 'नाही'.

लॉगआउट करा, आणि मग कडी ओढून पाहा. मागे जाण्याचं बटण दाबा, पान ताजं करा. पुन्हा लॉगिन मागितलं तर दार लागलं. नाही मागितलं तर फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि त्या संकेतस्थळाला लेखी कळवा. तोंडी नको, लेखीच.

महिन्यातून एकदा व्हॉट्सॲपमधली जोडलेल्या यंत्रांची यादी पाहा. गुगल आणि फेसबुकच्या खात्यातही सुरक्षेच्या पानावर कुठल्या कुठल्या यंत्रांवर तुम्ही लॉगिन आहात ते दिसतं. अनोळखी दिसलं की तिथूनच बाहेर काढा, आणि मग पासवर्ड बदला. पासवर्ड बदलताना 'सगळीकडून लॉगआउट करा' असा पर्याय आला तर तो नक्की निवडा.

पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. 'घरचाच तर आहे' म्हणून तो गुन्हा राहत नाही असं नाही.

आणि हे त्यांनी करायला हवं

पण मैत्रिणींनो, सगळा भार आपल्याच डोक्यावर का म्हणून? पोरगी छेडली गेली की तिलाच विचारायचं, तू त्या रस्त्यानं कामून गेलीस? खात्यात कुणी शिरलं की तिलाच विचारायचं, तू उघडं ठेवलं असशील! हे आता पुरे झालं.

लॉगआउट दाबलं की सर्व्हरच्या वहीतून नाव खोडायचं, हे काम संकेतस्थळ बनवणाऱ्याचं आहे. पासवर्ड बदलला की जुने सगळे बिल्ले रद्द करायचे, हेही त्याचंच. वेबसाइटच्या सुरक्षेवर काम करणारी 'ओवॅस्प' नावाची संस्था २००१ पासून आहे. वेबसाइटमधल्या सर्वात घातक दहा चुकांची यादी ती अधूनमधून काढते. २०१३ च्या यादीत लॉगिन आणि सेशनमधल्या चुका दुसऱ्या क्रमांकावर होत्या. पैशाअडक्याच्या संकेतस्थळावर दोन ते पाच मिनिटं आणि साध्या ठिकाणी पंधरा ते तीस मिनिटं हालचाल झाली नाही की सेशन आपोआप संपवा, असंही तिनं सुचवलेलं आहे. हे सगळं फुकट वाचायला मिळतं. माझ्या बारावीच्या मुलींना समजतं, तर लाखो-कोटींची कंत्राटं घेणाऱ्यांना का समजू नये?

आता कायदाही हळूहळू त्या बाजूनं येतोय. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तो टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचा आहे. लोकांची माहिती जपण्यात हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कायदा कागदावरून नायगावच्या बाकड्यापर्यंत यायला वेळ लागेल. पण तोवर आपण विचारायला काय हरकत आहे?

म्हणून पुढच्या वेळी सेंटरवरून उठताना "झालं का बाळा?" एवढंच विचारू नका. "बाळा, बंद झालं का ते दाखव," असंही म्हणा. तो हसेल, कंटाळेल, म्हणेल, "मावशी, तुम्हाला काय कळायलंय त्यातलं?" कळू दे नाहीतर न कळू दे, आपल्या नावाचं दार आहे ते. चार बायकांनी विचारलं की पाचवीला तो न विचारता दाखवील.